ठरलेल्या कॉर्ड्स आणि उत्स्फूर्त चाल : संगणकीय साथीच्या इतिहासातील चुकीचे स्थान

प्रास्ताविक

संगणकाच्या पडद्यावर चौकोनांचा एक तक्ता दिसतो. प्रत्येक चौकोन म्हणजे एक बार, अर्थात पाश्चात्त्य तालाचा एक खंड. वापरणारा त्या चौकोनांत कॉर्ड्सची अक्षरे भरतो, एखादी वादनशैली निवडतो आणि कळ दाबतो. संगणक बास, पियानो आणि ड्रम्सची साथ वाजवू लागतो आणि त्या साथीवर वापरणाऱ्याने मनाला येईल ती चाल वाजवून पाहायची असते. जमले तर ती चाल ठेवायची, न जमल्यास पुसून पुन्हा आरंभ करायचा. संगीतरचनेच्या आज्ञावलींमध्ये हा प्रयोग आता इतका नित्याचा झाला आहे की, त्यामागे काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा मागोवा एका विशिष्ट प्रश्नाच्या आधारे घेतला आहे. तो प्रश्न असा : अशा वादनात स्वर आणि कॉर्ड यांचा मेळ बसला नाही, तर चूक कोणाची ठरते?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. संगीताशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी एक उदाहरण घेऊ. 'सी मेजर' या कॉर्डमध्ये, 'सी' ला षड्ज मानल्यास, सा, ग आणि प हे तीन स्वर एकाच वेळी वाजतात. या कॉर्डवर चाल वाजविणाऱ्याने शुद्ध मध्यम लांबवला तर तो कानाला खटकतो, कारण कॉर्डमधील गंधार आणि हा मध्यम यांच्यात अर्ध्या स्वराचेच अंतर आहे. पाठ्यपुस्तके हा स्वर टाळावा असे सांगतात. परंतु साथीला कान असलेला पियानोवादक असेल तर तो तो लांबलेला मध्यम ऐकून पुढच्या ठोक्याला आपल्या कॉर्डमधला गंधार सोडून देईल आणि त्याच्या जागी स्वतःही मध्यम घेईल. पाश्चात्त्य परिभाषेत अशा कॉर्डला 'सस्पेंडेड' म्हणतात. क्षणापूर्वी चूक वाटलेला स्वर आता हेतुपूर्वक घेतलेला वाटू लागतो. एकच स्वर, एकच चाल. निर्णय मात्र साथीदाराने बदलला. आज्ञावलीतील पियानो गंधार सोडत नाही. तक्त्यात 'सी' लिहिले आहे तोवर तो सा-ग-प वाजवीत राहतो.

पियानोवादक हर्बी हॅन्कॉक यांनी अनेकदा सांगितलेला एक प्रसंग येथे आठवतो. १९६० च्या दशकात माइल्स डेव्हिस यांच्या संचात ते जर्मनीतील श्टुटगार्ट येथे वाजवीत होते. 'सो व्हॉट' ही रचना चालू असता, ऐन रंगात आलेल्या क्षणी हॅन्कॉक यांनी सर्वस्वी चुकीची कॉर्ड वाजविली. डेव्हिस क्षणभर थांबले आणि मग त्यांनी असे स्वर वाजविले की ती कॉर्डच योग्य ठरली. हॅन्कॉक यांच्या मते डेव्हिस यांनी ती चूक म्हणून ऐकलीच नव्हती. एक घटना म्हणून ऐकली होती. येथे चूक कॉर्डची होती आणि चालीने तिला सांभाळून घेतले. ठरलेल्या कॉर्ड्सच्या संगणकीय साथीत हे उलट्या दिशेनेही घडू शकत नाही आणि सुलट्या दिशेनेही नाही. तेथे कॉर्ड कधीच चुकत नाही आणि साथ कधीच ऐकत नाही. चुकण्याचा सारा भार एकट्या चालीवर येतो. हे असे कसे झाले, हे पाहण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

नेपल्स ते इंडियाना

ठरलेल्या आधारावर उत्स्फूर्त रचना करण्याचा पाठ संगणकाने शोधून काढलेला नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीतील नेपल्स शहरात चार संगीतशाळा होत्या. त्यांचा उगम अनाथ मुलांच्या आश्रमांत होता. मुलांचे 'रक्षण' करणारी संस्था या अर्थाने त्यांना 'कॉन्सर्व्हेटोरिओ' म्हणत आणि संगीतशाळेसाठी युरोपभर रूढ झालेला शब्द तेथूनच आला. या शाळांत मुलांना 'पार्तिमेंतो' शिकवीत. पार्तिमेंतो म्हणजे खर्जातील स्वरांची एक लिहिलेली ओळ. तिच्यावर कोठे आकडे असत, कोठे काहीच नसे. विद्यार्थ्याने हार्पसिकॉर्डवर बसून त्या ओळीवर संपूर्ण रचना तत्क्षणी उभी करावयाची. फ्रान्चेस्को दुरांते (१६८४-१७५५) आणि फेदेले फेनारोली (१७३०-१८१८) हे या पद्धतीचे नामांकित गुरू. पेर्गोलेसी, पाइझिएल्लो, चिमारोझा यांच्यासारखे रचनाकार याच शाळांत घडले. विसाव्या शतकात ही पद्धत जवळजवळ विस्मृतीत गेली होती. रॉबर्ट गेर्डिंगन आणि जॉर्जो सँग्विनेत्ती या अभ्यासकांच्या अनुक्रमे २००७ आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांमुळे तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने पार्तिमेंतोतील एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. तेथे खर्जाची ओळ ठरलेली होती, कॉर्ड्स नव्हेत. एकाच खर्जस्वरावर एकाहून अधिक कॉर्ड्स शक्य असतात. विद्यार्थ्याला नियम पाठ असत, पण त्यांतून निवड त्याचीच असे आणि वरची चाल जिकडे वळेल तिकडे मधले स्वर वळवणे त्याच्या हाती असे. चाल आणि साथ या दोन्ही भूमिका एकच माणूस करीत असल्यामुळे त्यांच्यात कलह उद्भवलाच तर तो दोन हातांमधला कलह होता. चूक सांगायला गुरू शेजारी होताच.

विसाव्या शतकातील अमेरिकन जॅझमध्ये आधाराचे स्वरूप बदलले. लोकप्रिय गीताच्या कॉर्ड्सचा क्रम तसाच ठेवून त्यावर नवी चाल वाजवायची, हा जॅझवादनाचा पाया झाला. क्रम ठरलेला असला तरी पियानो, बास आणि ड्रम्स वाजविणारे जिवंत होते. ते कॉर्ड्स बदलत, रंगवीत, कधी गाळीत. १९५९ साली जॉन कोल्ट्रेन यांनी 'जायंट स्टेप्स' ही रचना ध्वनिमुद्रित केली. तिच्या अवघ्या १६ बारांत बी, जी आणि ई फ्लॅट अशा तीन दूरदूरच्या षड्जांमध्ये कॉर्ड्स झपाट्याने फिरतात. कोल्ट्रेन यांनी या क्रमाचा कसून सराव केला होता. पियानोवर असलेले टॉमी फ्लॅनगन यांना तशी संधी मिळाली नव्हती. त्या ध्वनिमुद्रणातील त्यांचे एकलवादन अडखळत चालते, तुटते आणि अखेर नुसत्या कॉर्ड्सवर येऊन थांबते. ते आहे तसेच प्रसिद्ध झाले. पुढे १९८२ साली फ्लॅनगन यांनी कोल्ट्रेन यांच्या रचनांची स्वतःची ध्वनिमुद्रिका केली, तिलाही 'जायंट स्टेप्स' असेच नाव दिले आणि ही रचना तेथे सहजतेने वाजविली. प्रस्तुत लेखकाला या दोन ध्वनिमुद्रिका लागोपाठ ऐकविणे हा उपज शिकविण्याचा उत्तम पाठ वाटतो. परंतु तो स्वतंत्र विषय आहे.

सरावासाठी जिवंत साथ प्रत्येकाला कोठून मिळणार? ही अडचण प्रथम ध्वनिमुद्रिकांनी सोडविली. १९५० साली अमेरिकेत अर्व्ह क्रॅट्का यांनी 'म्युझिक मायनस वन' ही संस्था सुरू केली. तिच्या ध्वनिमुद्रिकांत एका वाद्याची जागा रिकामी असे आणि ती जागा ऐकणाऱ्याने घरी आपल्या वाद्याने भरावी अशी कल्पना होती. आरंभी यातील संगीत लिहिलेले, अभिजात स्वरूपाचे होते. उपजेसाठी ही कल्पना राबविली ती इंडियाना राज्यातील न्यू ऑल्बनीचे सॅक्सोफोनवादक जेमी एबरसोल्ड यांनी. त्यांची पहिली सरावमुद्रिका १९६७ साली निघाली आणि पुढे ही मालिका १३३ खंडांपर्यंत गेली. स्टिरिओ ध्वनीच्या एका बाजूला बास व दुसऱ्या बाजूला पियानो अशी योजना असल्यामुळे पियानोवादकाला पियानोची बाजू बंद करून तिच्या जागी स्वतः वाजवता येई. साथीला उत्तमोत्तम व्यावसायिक वादक असत.

येथे एक मोठा बदल घडला आणि तो पुरेसा नोंदविला गेलेला नाही. साथ उत्तम झाली, पण गोठली. लयही गोठली आणि षड्जही गोठला. रेकॉर्डवरचा पियानोवादक कितीही थोर असला तरी त्याने विद्यार्थ्याला ऐकलेले नसते. त्याने केलेली प्रत्येक चतुराई दुसऱ्या कोणा कल्पित वादकासाठी असते.

कागदावरील कॉर्ड्सही याच काळात गोठत होत्या. १९७० च्या दशकाच्या मध्यास बॉस्टनच्या बर्कली महाविद्यालयाच्या परिसरात विद्यार्थ्यांनी जॅझ रचनांचे 'द रिअल बुक' हे संकलन हक्कधारकांच्या परवानगीशिवाय छापले. चाल एका ओळीत आणि तिच्यावर कॉर्ड्सची अक्षरे, असे त्याचे स्वरूप होते. त्यात अनेक रचनांच्या कॉर्ड्स चुकीच्या होत्या. तरीही पुस्तक इतके पसरले की त्या चुकाच कित्येकांना मूळ पाठ वाटू लागल्या. २००४ साली निघालेल्या अधिकृत आवृत्तीत त्यांतील अनेक दुरुस्त्या झाल्या. जाणत्या वादकांच्या मैफलीत छापील चूक कोणाच्या तरी कानाला खटकून सुधारली जाते. एकट्याने सराव करणाऱ्याला मात्र छापील अक्षर आणि आपला कान यांत कोणावर विश्वास ठेवावा हे कळत नाही, आणि तो बहुधा अक्षरावरच ठेवतो.

१९८६ ते १९९० : तीन मार्ग

जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील वाद्यव्यावसायिकांच्या मेळाव्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखविण्यात आले. एकावर कळ दाबली की दुसरा वाजे. डेव्ह स्मिथ, इकुतारो काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेला हा 'मिडी' संकेत. मिडीतून ध्वनी जात नाही. कोणती कळ, किती जोराने, केव्हा दाबली आणि केव्हा सोडली, एवढीच माहिती जाते. त्यामुळे साथ आता ध्वनीच्या रूपात न ठेवता सूचनांच्या रूपात ठेवता येऊ लागली. सूचना असल्यामुळे लय कमी केली तरी स्वर ढळत नाही आणि षड्ज बदलला तरी लय बदलत नाही. एबरसोल्ड यांच्या रेकॉर्डवर जे गोठले होते, त्यातील अर्धे येथे वितळले. १९८५ साली आलेल्या 'अटारी एसटी' या घरगुती संगणकाला तर मिडीची जोडणी मुळातच दिलेली होती.

यानंतरच्या चार-पाच वर्षांत तीन आज्ञावली तयार झाल्या. तिघींच्या कर्त्यांनी आपल्या मूळ प्रश्नाला तीन निराळी उत्तरे दिली, असे आज मागे वळून पाहता दिसते.

पहिली १९८६ सालची, लॉरी स्पीगल यांची 'म्युझिक माउस'. स्पीगल १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत संगणकसंगीताचे काम करीत होत्या. त्यांच्या या आज्ञावलीत पडद्यावर माउस फिरवला की स्वर वाजतात. हालचाल हाताची, पण कोणते स्वर घ्यावयाचे ते निवडलेल्या स्वरसप्तकानुसार आज्ञावली ठरवते. सप्तकाबाहेरचा स्वर वाजूच शकत नाही. त्यांनी तिला 'बुद्धिमान वाद्य' असे म्हटले होते. येथे चुकीचा प्रश्न निकालात निघतो, कारण चुकण्याचे दारच बंद केलेले असते. ज्यांनी कधी वाद्य हाती धरले नाही त्यांना यामुळे संगीताचा आनंद मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे.

दुसरा मार्ग जॉर्ज लुइस यांचा. शिकागोतील कृष्णवर्णीय प्रयोगशील संगीतकारांच्या परंपरेतले हे ट्रॉम्बोनवादक. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी 'व्हॉयेजर' ही आज्ञावली ॲम्स्टरडॅम येथे विकसित केली. ती मानवी वादकाचे स्वर ऐकते, त्यांची उंची, गती, अंतरे, विराम यांचे पृथक्करण करते आणि त्यावरून आपला प्रतिसाद ठरविते. कधी साथ देते, कधी विरोध करते, कधी दुर्लक्षही करते. मानव थांबला तरी ती स्वतःहून वाजवीत राहू शकते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात लुइस यांनी ही आज्ञावली म्हणजे वाद्य नसून सहवादक आहे अशी भूमिका मांडली. पण या सहवादकाकडे ठरलेल्या कॉर्ड्स नाहीत. तिला 'सी मेजरनंतर एफ मेजर' असा क्रम सांगता येत नाही.

तिसरी आज्ञावली १९९० सालची, कॅनडातील व्हिक्टोरिया येथील पीटर गॅनन यांच्या पीजी म्युझिक या कंपनीची 'बँड-इन-अ-बॉक्स'. लेखाच्या आरंभी वर्णिलेला चौकोनांचा तक्ता तिचाच. तिची अंतर्गत रचना समजावून घेण्यासारखी आहे. प्रत्येक वादनशैलीत बास, पियानो, ड्रम्स यांचे एक-दोन बारांचे अनेक तुकडे साठवलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याला कमी-अधिक भार दिलेला असतो. आज्ञावली प्रत्येक बारासाठी त्यांतून एक तुकडा, भारानुसार पण यदृच्छेने, निवडते आणि तेथे लिहिलेल्या कॉर्डच्या स्वरांत तो बसवते. त्यामुळे तीच ३२ बारांची रचना पुन्हा वाजविली की साथ थोडी निराळी येते. ऐकणाऱ्याला वाटते की साथीदार रंगात आला. वास्तविक हा फरक विद्यार्थ्याने काय वाजविले त्यामुळे पडलेला नसतो. फासे पडले, एवढेच. रेकॉर्डवरची साथ बहिरी आहे हे विद्यार्थ्याला ठाऊक असे. येथे ती बहिरी असूनही ऐकल्याचा आभास निर्माण करते. मला या आज्ञावलीवर आक्षेप घ्यावयाचा असेल तर तो एवढाच आहे. बाकी तिने केलेले कार्य विलक्षण आहे. लहान गावातील गिटारवादकाला अपरात्री, कोणालाही न बोलावता, बाराही षड्जांत सराव करण्याची सोय तिच्यामुळे झाली.

कॉर्ड्स देणारी आज्ञावली ऐकत नाही आणि ऐकणारी आज्ञावली कॉर्ड्स देत नाही, अशी विभागणी १९९० पर्यंत झाली होती. बाजारात टिकली ती पहिली. 'बँड-इन-अ-बॉक्स'च्या पुढील आवृत्त्यांत संगणकानेच उपज करून दाखविण्याची सोय आली. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिडीऐवजी खऱ्या वादकांच्या ध्वनिमुद्रित तुकड्यांची साथ आली, म्हणजे एका अर्थी एबरसोल्ड यांचे स्टुडिओतील वादक परतले, पण तुकड्यातुकड्यांनी. २००८ साली बासवादक मास्सिमो बिओल्काती यांनी 'आयरिअल' काढले आणि चौकोनांचा तक्ता खिशातल्या फोनवर आला. २०११ साली आयपॅडवरील 'गॅरेजबँड'मध्ये आठ पट्ट्या आल्या. प्रत्येक पट्टीला एक कॉर्ड, बोट ठेवले की वाजणारी. त्या पट्ट्यांवर निवडलेल्या सप्तकाशी जुळणाऱ्याच कॉर्ड्स प्रथम येतात. म्हणजे स्पीगल यांनी चालीसाठी बंद केलेले दार येथे कॉर्ड्ससाठी बरेचसे लोटून घेतले आहे. २०२४ साली 'लॉजिक प्रो'मध्ये कॉर्ड्सची एकच ओळ लिहून संगणकीय बासवादक व कळवाद्यवादक यांना तिच्यामागे चालविता येऊ लागले. त्यांची साथ पूर्वीपेक्षा कितीतरी लवचीक आहे, पण त्यांची निष्ठा लिहिलेल्या ओळीशीच आहे.

चाल आधी, कॉर्ड मागाहून

या साऱ्या वाटचालीत कॉर्ड्स आधी आणि चाल नंतर हा क्रम गृहीत धरला आहे. तो स्वाभाविक नाही. तो अमेरिकन जॅझच्या सवयीतून आज्ञावलीत उतरला आहे. याला उलट उदाहरण मुंबईचे आहे. पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जाई. तेथे तयार झालेले अनेक वादक मुंबईस आले, १९३० आणि १९४० च्या दशकांत हॉटेलांतील जॅझ वाद्यवृंदांत वाजवू लागले आणि पुढे चित्रपटसंगीतात गेले. सी. रामचंद्र यांच्यासोबत काम केलेले चिक चॉकलेट, शंकर-जयकिशन यांचे संगीतसंयोजक सेबॅस्टियन डिसोझा, व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील ठळक नावे. संगीत दिग्दर्शक बहुधा पेटीवर चाल बांधून गाऊन दाखवी. संयोजक ती स्वरलिपीत उतरवून घेई आणि मग तिच्याखाली कॉर्ड्स बसवी. रागाच्या वळणाने जाणारी चाल पाश्चात्त्य कॉर्डमध्ये मावत नसे तेव्हा कॉर्ड बदलली जाई, एखादा स्वर गाळून ती पोकळ ठेवली जाई, किंवा तेथे कॉर्डऐवजी व्हायोलिनची दुसरी ओळ लिहिली जाई. न जुळल्यास दुरुस्ती कॉर्डने करावयाची, हा येथला अलिखित नियम होता.

हीच दिशा पुढे एका संशोधन प्रकल्पाने घेतली, अर्थात मुंबईशी काहीही संबंध नसता. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील इयन सायमन, डॅन मॉरिस आणि सुमित बसू यांनी २००८ साली 'मायसाँग' ही पद्धती मांडली आणि २००९ साली तिच्यावर आधारलेली 'साँगस्मिथ' ही आज्ञावली विक्रीस आली. वापरणाऱ्याने ठेक्यावर गायचे आणि आज्ञावलीने त्याला कॉर्ड्स शोधून द्यायच्या. सुमारे ३०० गीतांच्या कॉर्ड्सवरून तिने संभाव्यता शिकून घेतली होती : कोणत्या कॉर्डनंतर कोणती येते आणि कोणत्या कॉर्डवर कोणते स्वर गायले जातात. सुचविलेली कॉर्ड पसंत नसल्यास दुसरी निवडता येई. साथ किती आनंदी असावी आणि किती जॅझसारखी, हे सरकपट्टीने कमी-अधिक करण्याची सोय होती.

आज्ञावली बाहेर पडताच अनेकांनी तिला सुप्रसिद्ध पाश्चात्त्य गीतांतील केवळ गायकाचा आवाज ऐकवून पाहिला. गंभीर, आक्रमक गाण्यांखाली तिने आनंदी, बाळबोध साथ घातली आणि ते नमुने जगभर हशा पिकवीत फिरले. ठरलेल्या कॉर्ड्सवर चाल वाजविताना कोणी कॉर्डला हसले नव्हते. येथे गायकाचा आवाज आधी होता, ऐकणाऱ्याला तो पाठ होता, आणि चुकली ती साथ.